एका वेळी एकच

तो हसला, आणि त्या हसण्यानंच सगळी सुरुवात झाली.

वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, ‘शांतता राखा’ या पाटीच्या बरोबर खालून, तो पुस्तकांची ढकलगाडी घेऊन चालला होता. खिडकीजवळच्या मेजावर एक मुलगी कागदांच्या ढिगात मान खुपसून बसली होती. जाता जाता त्याची नजर वरच्या कागदावर पडली – ‘उशीखाली लिंबू ठेवल्याने कावीळ रातोरात उतरते’ – आणि त्याला हसू आवरलंच नाही. दाबायला गेला तर ते नाकातून बाहेर पडलं. आजूबाजूच्या माना वर झाल्या. कोणीतरी ‘श्शू’ केलं.

त्या मुलीनं मात्र मान वर केली नाही. तिनं फक्त हात पसरून कागद झाकला.

“माफ करा,” तो वाकून कुजबुजला. “मी तुम्हाला नाही हसलो. लिंबाला हसलो.”

“लिंबानं काय घोडं मारलंय तुमचं?”

“काही नाही… पण हे लिहिलंय कोणी?”

“इंटरनेटवर आहे.”

“इंटरनेट म्हणजे गाव आहे हो. तिथे डॉक्टरही राहतात आणि थापाडेही. हे तुम्ही कोणाच्या घरातून उचलून आणलंत?”

आता तिनं वर पाहिलं. डोळे लाल होते – रडून झालेले, किंवा रडायचे राहिलेले.  आपण विनोद केला तेव्हा समोरच्याचं काहीतरी मोडलेलं होतं हे उशिरा कळणं, ही त्याची जुनीच खोड होती.

“खुर्ची घेऊ का?” त्यानं विचारलं.

“वाचनालय तुमचं आहे. मी कोण नाही म्हणणार?”

तो बसला.

ती नर्सिंगच्या शाळेत शेवटच्या वर्षाला होती. घरी तिला बारकी म्हणत आणि शाळेत गोगलगाय, कारण ती ओळीखाली बोट ठेवून, एक शब्द पुरता पटल्याशिवाय पुढच्यावर जात नसे. सार्वजनिक आरोग्याच्या विषयात प्रत्येकीनं आपल्या वस्तीतल्या एका आजारावर निबंध लिहायचा होता. बारकीनं कावीळ निवडली होती. तिचा पहिला निबंध मॅडमनी परत केला. परिच्छेदापरिच्छेदाशेजारी लाल शाईत एकच प्रश्न होता – हे कोणी सांगितलं? आता दुसरी आणि शेवटची संधी. ह्या वेळीही नापास झाली तर शाळेतून नाव कमी होणार होतं. दादानं घरी स्पष्टच सांगून ठेवलं होतं, “झालं तर झालं. नाहीतर मामांच्या गावी दवाखान्यात बसून पेशंटची नावं लिहून घे. तेही कामच आहे.”

“आणि मॅडम म्हणतात,” ती पुटपुटली, “नुसती पुस्तकी माहिती नको. निदान एक खरी साथ हवी. कोणीतरी घरोघर जाऊन, माणसांना विचारून, मोजून लिहिलेली. असलं कुठं मिळतं? मला फोनवर लिंबूच मिळतं.”

“मॅडम चांगल्या आहेत तुमच्या.”

“तुम्हाला काय जातंय म्हणायला!”

तो हसला, ह्या वेळी आवाज न करता, आणि उठला. संदर्भ विभाग त्याच्याकडे होता. नेहमीचे वाचक त्याला संदर्भवाले म्हणायचे. थोड्या वेळानं तो एक जाडजूड पाठ्यपुस्तक घेऊन आला. पाण्यातून पसरणाऱ्या आजारांच्या प्रकरणात कागदाची पट्टी घातलेली होती.

“आधी हे. निदान लिंबाच्या तावडीतून सुटाल.”

“आणि बाकीची?”

 खिडकीतलं ऊन तिच्या केसांवरून मेजावर उतरलं होतं, आणि तिनं पुस्तक असं धरलं होतं, जसं कोणी ताप आलेल्या पोराला धरावं.

“बाकीची उद्या,” तो म्हणाला. “संदर्भ विभागात एका वेळी एकच. नियम आहे.”

त्याचे कान लाल झाले. तिला ते दिसले. पण उकाडाही होताच.

मग ती रोज येऊ लागली. दुपारची वॉर्डातली ड्यूटी संपली की पांढरा गणवेश तसाच, पिशवी खांद्याला, जिना चढून वर. तो रोज एक पुस्तक पुढे ठेवायचा. कधी आरोग्य खात्याचा वार्षिक अहवाल, कधी पाणीपुरवठ्यावरचं पुस्तक, कधी नियतकालिकांचा बांधलेला खंड. त्यांना जुन्या डिंकाचा वास यायचा. पंखा डोक्यावर कुरकुरायचा. वाचताना तिचे ओठ हलायचे. तो समोरच्या मेजावर पुस्तकांच्या नोंदींची कार्डं क्रमानं लावत बसायचा आणि ती कार्डं, खरं सांगायचं तर, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावावी लागायची.

“हे पत्रक चालेल का?” तिनं एकदा विचारलं. “छान आकडे आहेत ह्यात. दर दहा घरांपैकी नऊ घरांचं पाणी घाणेरडं, असं लिहिलंय.”

“मागे बघा, छापलंय कोणी?”

तिनं उलटून पाहिलं. “फिल्टरच्या कंपनीनं.”

“झालं तर मग. ज्याला फिल्टर विकायचाय, त्याला सगळ्यांचं पाणी घाणेरडंच दिसणार.”

“आणि ज्याला पुस्तकं द्यायची असतात, त्याला काय दिसतं?”

“त्याला…” त्यानं हातातलं कार्ड उगाच उलटंसुलटं केलं. “त्याला एखादीच वाचक दिसते. बाकी सगळं धूसर.”

ती खाली बघून पानं उलटू लागली. बरीच पानं एकदम उलटली गेली. गोगलगायीला न शोभणारा वेग होता तो.

त्यानं तिला बारीकसारीक गोष्टी शिकवल्या. लिहिणाऱ्यानं स्वतः पाहिलंय की दुसऱ्याचं उतरवलंय ते बघायचं. कधी लिहिलंय ते बघायचं. एकच आकडा तीन ठिकाणी दिसला म्हणून हुरळून जायचं नाही, कारण तिघांनीही एकाचंच उचललेलं असू शकतं. ती हे सगळं लिहून घ्यायची आणि मधूनच त्यालाच पेचात पकडायची.

“काल तुम्ही म्हणालात मी हुशार आहे. हे तुम्ही स्वतः पाहिलंय की कोणाचं उतरवलंय?”

“स्वतः पाहिलंय. रोज पाहतोय.”

“रोज? मग कार्डं कोण लावतं?”

काही दिवसांनी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. पलीकडच्या मेजावर एक म्हातारे गृहस्थ रोज बसायचे. त्यांच्यापुढे संदर्भ विभागाच्याच शिक्क्याचे पाच-सहा ग्रंथ एकावर एक रचलेले असायचे. ती त्या ढिगाकडे बघत राहिली. मग आपल्यासमोरच्या एकुलत्या एका पुस्तकाकडे बघितलं. विचारावं, असं तिच्या अगदी जिभेवर आलं. पण तेवढ्यात तो ढकलगाडी घेऊन वळला, तिच्याकडे पाहून उगाचच थोडासा हसला… आणि तिनं तो प्रश्न गिळून टाकला.

वाचनालय बंद झालं की तो तिच्या बसथांब्यापर्यंत येऊ लागला. त्याची खोली उलट्या बाजूला होती. हे तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. दोघंही एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून चालायची आणि पिशवी मधल्या बाजूच्या हातात धरायची, म्हणजे कोणालाच वाटू नये की हात मोकळा आहे.

“कावीळच का घेतलीत?” एका संध्याकाळी थांब्यावर त्यानं विचारलं.

 एक बस आली, गेली.

“आमच्या चाळीत साथ आली होती गेल्या वर्षी. वहिनीला आठवा महिना होता. वहिनी वाचली… बाळ नाही वाचलं.” तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. “आई म्हणते, ती ऐकत नव्हती म्हणून झालं. त्या दिवसांतही शिलाई मशीन चालवत बसायची, शाळेचे गणवेश शिवायची. आता मशीनवर चादर आहे. वहिनी बोलत नाही फारशी. रडलीसुद्धा नाही. मला नुसतं एवढंच जाणून घ्यायचंय, की का? तिच्यामुळं झालं की पाण्यामुळं? आमच्या नळाला दिवसातून थोडा वेळ पाणी येतं, आणि नळाची पाइप गटारातून जाते. मला वाटतं तसं आहे. पण मला वाटून काय उपयोग? मॅडम म्हणणार, हे कोणी सांगितलं?”

 त्यानं फुटपाथवरचा एक खडा पायानं बाजूला सारला.

“आहे एक,” तो शेवटी म्हणाला. “एका गावातल्या काविळीच्या साथीचा अहवाल. जुना आहे, पण खरा आहे. चार माणसं घरोघर फिरली, नकाशा काढला. कोणत्या घरात कोण आजारी, पाइप कुठं गटाराला छेदते, सगळं आहे. गरोदर बायकांचं तर वेगळं प्रकरणच आहे.”

तिनं एकदम त्याचा हात धरला. हातातल्या पिशवीसकट.

“कधी देताय?”

उद्या सकाळी, असं म्हणायला हवं होतं. त्याला ते माहीत होतं. पण तो हात… त्याच्या हातावर असा हात ह्याआधी कोणाचा पडला नव्हता. हा अहवाल दिला की निबंध पुरा होणार, आणि निबंध पुरा झाला की ती जिना चढून वर कशाला येईल?

“तळघरातून काढावा लागेल,” तो म्हणाला. “वेळ लागतो. शनिवारी देतो. नक्की.”

शनिवारी तिला ऐनवेळी वॉर्डात थांबवून घेतलं. दोन नर्स रजेवर होत्या. सलाइनच्या बाटल्या बदलताना ती सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. सुटली तेव्हा वाचनालयाचे दिवे बंद झाले होते.

सोमवारी ती धावतच गेली. दाराला पाटी होती – वार्षिक ग्रंथमोजणीसाठी वाचनालय वाचकांना बंद.

ही मोजणी दरवर्षी याच सुमारास होते. प्रत्येक पुस्तक कपाटातून काढून, नोंदीशी ताडून, पुन्हा जागेवर ठेवायचं. तोवर एकही पुस्तक कोणाला मिळत नाही. संदर्भवाला आजवर मोजणीच्या तारखा कधी विसरला नव्हता. ह्याच वर्षी विसरला. त्या दिवसांत त्याला तारखा अशा दिसतच नव्हत्या. ती आली तो दिवस, आणि ती यायची राहिली तो दिवस, एवढंच त्याचं कॅलेंडर झालं होतं.

एकमेकांचा फोन नंबर त्यांच्याकडे नव्हता. मागायचं दोघांच्याही मनात अनेकदा आलं होतं.

बारकी इतरत्र शोधत फिरली. शाळेच्या कपाटात तो अहवाल नव्हता. फोनवर त्याचं नुसतं नाव दुसऱ्यांच्या लेखांच्या शेवटी सापडायचं, अहवाल कुठेच नाही. मुदतीच्या दिवशी तिनं निबंध तसाच दिला. पाणी कसं दूषित होतं ते सगळं होतं त्यात, व्यवस्थित, प्रत्येक वाक्याच्या आधारासकट. फक्त ती एक खरी साथ नव्हती.

मॅडमनी तिला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. दार लावल्यावरच तिला समजलं.

“पहिल्यापेक्षा किती चांगलं लिहिलंयस गं,” मॅडम म्हणाल्या. त्यांनाही बोलवत नव्हतं. “पण अट होती. साथीचा अहवाल कुठं आहे?”

“आहे, मॅडम. एक अहवाल आहे. मला मिळाला नाही.”

“तुझं म्हणणं खरं असेल. पण न वाचलेला अहवाल मी कसा धरू? तुझ्यासाठी अट सोडली तर बाकीच्या मुलींना काय सांगू?” त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. “घरी मी बोलू का?”

“नको,” बारकी म्हणाली. “घरी सगळं ठरलेलंच आहे.”

मुलींना इथलं सभासद शाळेनंच केलं होतं, म्हणून शाळा सोडायची तर वाचनालयाचा दाखला हवा, तिच्याकडे कुठलं पुस्तक राहिलेलं नाही असा. मोजणी संपून वाचनालय उघडलं, त्या दिवशी ती गेली. खालच्या काउंटरवर मोठ्या बाई बसल्या होत्या. सगळं वाचनालय त्यांच्या हाताखाली होतं.

“ह्याच्यावर संदर्भ विभागाची सही आण,” त्या म्हणाल्या, आणि मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “तूच ना ती? रोज एकच पुस्तक घेऊन बसायचीस. मला वाटायचं, पोरगी काय मन लावून वाचते!”

“संदर्भ विभागात एका वेळी एकच मिळतं ना.”

“कोण म्हणालं? अगं, मेजावर मावतील तेवढी घे. असला नियम मी जन्मात ऐकला नाही.”

बारकी जिना चढली. आज तो जिना तिला उंच वाटला.

तो मेजामागून उठून उभा राहिला. दाढी वाढली होती. तिच्या हातातला फॉर्म त्यानं पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला.

“निबंध?”

“नापास.”

पंखा कुरकुरत होता. पलीकडचे म्हातारे गृहस्थ आज आले नव्हते.

“बाई म्हणतात, तसा नियमच नाही,” ती म्हणाली.

त्यानं खण उघडला. एक पातळसा, कडा तपकिरी झालेला अहवाल काढून मेजावर ठेवला. नाव वाचायला तिला वेळ लागला नाही.

“तळघरातून आला का?”

“तळघरात उंदरांशिवाय काही नाही,” तो म्हणाला. “हा पहिल्याच आठवड्यात सापडला होता. तेव्हापासून इथंच आहे.”

“का?”

“सगळं एकदम दिलं असतं, तर तुम्ही सगळं एकदम वाचून निघून गेला असता.”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग हसली. ते हसू पाहून त्याला वाटलं, ही रडली असती तर बरं झालं असतं.

“मी? मी गोगलगाय आहे हो. सगळं एकदम दिलं असतंत, तरी मी तेवढेच दिवस आले असते. कदाचित जास्तच. कशाला घाबरलात?”

 तो खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

“मी मॅडमना भेटतो. सगळा दोष माझा आहे, सांगतो.”

“नाव कमी झालेल्यांची यादी वर गेली. आता मॅडमच्याही हातात नाही.” ती खिडकीशी गेली. “आणि दोष सगळा तुमचा नाही. त्या आजोबांपुढे पुस्तकांचा ढीग असायचा, तो मला दिसत होता. मला तेव्हाच कळलं होतं, नियमबियम काही नाही. मी विचारलं नाही. मलाही रोज यायचं होतं.”

 जे ऐकायला इतके दिवस दोघांचे कान टवकारलेले होते, ते आता दोघांनीही ऐकलं होतं, आणि त्याचं काय करायचं ते एकालाही कळत नव्हतं.

“अजून एक आहे,” तो म्हणाला. “सांगू नये असं वाटतं. पण सांगतो. मोजणीत मी ह्याच्या प्रती काढल्या. तुमच्या मुदतीच्या आदल्या दिवशी तुमच्या शाळेच्या फाटकापर्यंत आलो होतो.”

ती वळली.

“वॉचमननं विचारलं, कोण हवंय? मी सांगितलं. तो म्हणाला, तुम्ही कोण त्यांचे? नातं काय? तिथं मुली उभ्या होत्या, त्या हसल्या. मी… मला काही सुचलंच नाही. वाचनालयातून आलोय, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण तेही खोटं बोलल्यासारखं वाटलं. मी परत फिरलो.”

“प्रती हातात होत्या?”

“हातात होत्या.”

तिनं डोळे मिटले. त्या दिवशी ती आत, पहिल्या मजल्यावर, शेवटची पानं लिहीत बसली होती. खिडकीतून फाटक दिसतं.

“काय सांगायला हवं होतं मग?” तिनं डोळे न उघडताच विचारलं. “नातं काय?”

त्याची खुर्ची करकरली, आणि तिला वाटलं, आताही हा परत फिरणार.

“आत माझं माणूस आहे,” तो म्हणाला. “असं सांगायला हवं होतं.”

 हेच शब्द. ह्याच आवाजात. त्या वॉचमनला ऐकू गेले असते तर आज हातात हा फॉर्म नसता.

“हे त्या दिवशी म्हणाला असतात…” ती म्हणाली, आणि पुढचं तिला म्हणवेना.

“आता म्हणतो. जाऊ नका. आपण – म्हणजे तुमची हरकत नसेल तर – मी तुमच्या दादांना भेटतो. लग्नाचं विचारतो.”

“नको.”

“मी इतका वाईट आहे?”

“तसं नाही हो.” आता तिचे गाल ओले झाले होते, आणि ती ते पुसतही नव्हती. “आज मी हो म्हटलं, तर ते मला हवं होतं म्हणून म्हटलं, की दुसरीकडे जायला जागा नव्हती म्हणून म्हटलं, हे मला कधीच कळणार नाही. तुम्हालाही नाही कळणार. आयुष्यभर तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून तेच शोधत बसाल. मला माहीत आहात तुम्ही.”

त्यानं मान खाली घातली. तिचं खरं होतं.

“सही कराल?” तिनं फॉर्म पुढे केला.

त्याला वाटलं, म्हणावं, आज शिक्का नाही, बाई रजेवर आहेत, काहीही. त्याच्या जिभेवर सगळ्या सबबी हजर होत्या. त्यानं पेन काढलं. सही केली, शिक्का मारला, शाई वाळायला फुंकर घातली, आणि फॉर्म तिच्या हातात दिला. मग खणातून प्रतींचा गठ्ठा काढून त्यावर ठेवला. सगळा अहवाल. एकही पान मागे ठेवलं नाही.

“आता उपयोग नाही ह्याचा,” तो म्हणाला. “पण तुम्हाला जाणून घ्यायचं होतं.”

ती निघाली. दाराशी थांबली, पण वळली नाही. वळली असती तर गेली नसती.

घरी दादा कामावरून आला नव्हता. आई आत भाजी चिरत होती. कोपऱ्यात बॅग अर्धी भरलेली होती. सकाळी मामांच्या गावची गाडी. वहिनी खिडकीत नेहमीसारखी बसली होती, हात मांडीवर ठेवून, काहीच न करता.

बारकी तिच्या शेजारी बसली. “वहिनी, एक वाचून दाखवू?”

वहिनीनं नुसते खांदे हलवले.

बारकीनं ते प्रकरण काढलं आणि हळूहळू वाचायला लागली. त्या गावातही पाणी थोडाच वेळ यायचं. बाकीचा वेळ पाइप रिकामी राहायची, आणि जिथं फुटलेली होती तिथून गटाराचं पाणी आत ओढून घ्यायची. त्या टप्प्यावरच्या घरांतच आजारी माणसं जास्त होती. त्यात गरोदर बायकांना, शेवटच्या महिन्यांत, ही कावीळ जिवावर बेतत होती. काही बायका घरीच होत्या, काही कामाला जाणाऱ्या. कोणी आराम करत होत्या, कोणी नव्हत्या. लिहिणाऱ्यांनी प्रत्येकीला विचारलं होतं. त्यानं काहीच फरक पडला नव्हता. फरक फक्त नळाचा होता.

“थांब,” वहिनी म्हणाली. तिचा आवाज खरखरला. “म्हणजे… मशीनमुळं नाही?”

“नाही.”

“मी बसून काम करत होते, म्हणून नाही?”

“नाही, वहिनी. नळातून आलं ते. तुझ्यामुळं नाही.”

“परत वाच.”

बारकीनं परत वाचलं. आत विळीचा आवाज थांबला होता. दुसऱ्यांदा वाचून होईपर्यंत वहिनीचे खांदे हलायला लागले. वर्षभर न आलेलं रडू आलं, आधी नुसता श्वास, मग आवाज. आई हात पदराला पुसत दाराशी आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती पुढे आली नाही, मागेही गेली नाही; चौकटीला टेकून खाली बसली आणि जमिनीकडे बघत राहिली.

बऱ्याच वेळानं वहिनीनं तोंड पुसलं. बारकीच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, बहुधा वर्षात पहिल्यांदाच.

“तू का रडतेस गं?”

“वाचता वाचता आलं.”

“खोटं बोलतेस.” वहिनीनं तिच्या मांडीवरचे कागद हातात घेतले. कडा नीट जुळवलेल्या होत्या, पानं क्रमानं लावलेली, एका कोपऱ्यात टाचलेली. “इतकं निगुतीनं कोणी दिलं हे?”

बारकी खिडकीबाहेर बघत राहिली. कोणाचं तरी पोर नळाखाली कळशी लावून पाण्याची वाट बघत बसलं होतं.

“माझं माणूस आहे एक,” ती म्हणाली.

वहिनीनं तिचा हात घट्ट धरला. “अगं मग… सकाळची गाडी?”

“सकाळची गाडी आहेच, वहिनी,” बारकी म्हणाली, आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.